जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली? आधी डेटा, मग स्क्रू ड्रायव्हर

लॅपटॉप चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर "नो बूटेबल डिव्हाइस" नाहीतर "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड" असं येतंय, किंवा विंडोज उघडायलाच पाव तास लागतोय आणि उघडल्यावर एका फोल्डरवर क्लिक केलं की सगळं हँग. अशी वेळ आली की बरेच जण एकतर लॅपटॉप संपला असं धरून नवीन बघायला लागतात नाहीतर घाईघाईत फॉरमॅट मारून मोकळे होतात. दोन्ही करू नका. हार्ड डिस्क बदलणं हे लॅपटॉपमधल्या सगळ्यात सोप्या कामांपैकी एक आहे, हाताला सवय नसली तरी निवांतपणे केलं तर जमतं. अवघड आहे तो डेटा. डिस्क नवीन मिळते पण त्यातले पोरांचे लहानपणीचे फोटो, सर्टिफिकेटच्या स्कॅन कॉप्या, वर्षानुवर्षांचे हिशोब हे परत विकत मिळत नाहीत, आणि बऱ्याचदा ते जातात ते डिस्क बिघडल्यावर आपण जे काय काय करून बघत बसतो त्याने. म्हणून क्रम सोडू नका: आधी खात्री, मग डेटा, मग खरेदी, मग खोलणं आणि सगळ्यात शेवटी विंडोज.

डिस्कच गेलीय ना, हे आधी बघा

मशीन चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जा. कंपनीप्रमाणे एफ२, डिलीट, एफ१० किंवा एस्केप यातलं एखादं बटण लोगो यायच्या आत टकाटक दाबत राहायचं. आत मेन किंवा स्टोरेज अशा नावाचं पान असतं, तिथे डिस्कचं नाव आणि साइज येते का बघा. दोन्ही बरोबर येत असेल तर डिस्क निदान बोलतेय, म्हणजे आत बॅड सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले बारीक तुकडे) आलेत किंवा नुसतं विंडोज बिघडलंय. साइज शून्य येत असेल किंवा नाव भलतंच येत असेल तर डिस्क स्वतःच नीट सुरू होत नाहीये. काहीच येत नसेल तरी लगेच मेली म्हणू नका, कारण जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्क कनेक्टरमधून जराशी सरकलेली असते किंवा डिस्कपासून बोर्डाकडे जाणारी फ्लॅट केबल वाकून वाकून गेलेली असते, आणि मग डिस्क ठणठणीत असूनही दिसत नाही.

तिथेच तारीख आणि वेळ पण बघून घ्या. तारीख कुठल्यातरी जुन्या सालावर गेली असेल तर बोर्डावरचा छोटा गोल सेल संपलाय, आणि सेल संपला की बायोसची सेटिंग मूळ पदावर जातात. त्यात साटाचा, म्हणजे बोर्ड डिस्कशी ज्या जोडणीने बोलतो तिचा, मोड एएचसीआयवरून (AHCI) आयडीई (IDE) किंवा रेड (RAID) झाला की विंडोज निळी स्क्रीन देतं आणि माणूस समजतो डिस्क गेली. मोड पहिल्यासारखा केला की गाडी चालू. हे तपासायला दोन मिनिटं लागतात, जरूर तपासा.

बऱ्याच मशीनमध्ये डिस्क तपासायची सोय आतच दिलेली असते. डेलमध्ये एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स, एचपीमध्ये एस्केप दाबून मग एफ२. विंडोज चालू होत नसलं तरी हे चालतं आणि डिस्क फेल असेल तर सरळ तसं सांगतं.

मग आवाज ऐका. खोलीतला पंखा बंद करा आणि लॅपटॉपच्या पामरेस्टला, म्हणजे टायपिंग करताना मनगट टेकतं तिथे, कान लावा. चांगल्या डिस्कचा हलका घरघर आवाज येतो आणि मधूनमधून बारीक खुडखुड. बिघडलेली डिस्क टक… टक… टक… असा एकसारखा ठोका देते, मग मोटर थांबते, परत फिरायला लागते, परत ठोके. असा ठोका ऐकू आला तर त्याच क्षणी पॉवर बटण दाबून धरा आणि मशीन बंद करा. आतला डेटा वाचणारा हेड आपली जागा शोधत पुन्हा पुन्हा आपटतोय, आणि चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट डेटाच्या मुळावर येतं.

विंडोज कसंबसं चालू होत असेल तर क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली आपल्या तब्येतीची नोंद, बघा. त्यात खूप ओळी असतात, तुम्ही चारच बघा. ०५ म्हणजे डिस्कने खराब म्हणून बाजूला काढून बदललेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता येत नाहीयेत पण अजून निकाल लागलेला नाही असे सेक्टर. सी६ म्हणजे वाचण्याची आशाच सोडलेले. या तिघांपैकी सी५ आणि सी६ शून्याच्या वर असतील आणि दोन दिवसांत वाढत असतील तर डिस्क चालली. चौथी ओळ सी७, ही डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेतल्या चुका मोजते, म्हणजे बाकी तिन्ही शून्य आणि सी७ वाढतोय असं असेल तर डिस्क बदलून काही उपयोग नाही, केबल किंवा कनेक्टर बघा. एक लक्षात ठेवा, या सॉफ्टवेअरमध्ये शेवटच्या रकान्यातले आकडे मुळात हेक्समध्ये असतात, तिथे १० दिसलं तर ते सोळा असतात.

विंडोज उघडतच नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा पेन ड्राइव्ह बनवा आणि त्यावरून लॅपटॉप चालू करा. इन्स्टॉल काही करायचं नाही, ट्राय करून बघा वाला पर्याय घ्यायचा. त्यातल्या डिस्क्स ॲपमध्ये हाच स्मार्ट रिपोर्ट मिळतो. हा पेन ड्राइव्ह जवळ ठेवाच, पुढे डेटा काढायलाही तोच लागणार आहे.

डेटा: इथे घाई करू नका

डिस्क खराब आहे हे कळलं की तिच्यावर काहीही लिहायचं नाही. चेकडिस्क चालवू नका, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइल सलग लावणं) नको, विंडोज रिपेअर नको, रीसेट धिस पीसी तर अजिबातच नको. चेकडिस्कबद्दल जरा सांगतो कारण सगळ्यात जास्त सल्ला त्याचाच मिळतो. त्याचं काम फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवणं आहे, तुमच्या फाइल वाचवणं नाही, आणि हिशोब जुळत नसेल तर तो फाइलची नोंद तोडून मोकळा होतो. शिवाय बॅड सेक्टर शोधायला लावलं की तो डिस्कचा कोपरान् कोपरा वाचायला जातो, म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कला आपणच दिवसभर पळवतो. डेटा सुखरूप दुसरीकडे गेल्यावर हवं ते करा, त्याआधी नाही.

विंडोज उघडत असेल पण रडतखडत, तर बाहेरची डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह लावा आणि सगळ्यात महत्त्वाचं आधी कॉपी करा. अख्खा सी ड्राइव्ह सिलेक्ट करून ओढायचा नाही, एका खराब फाइलवर अडकला की सगळंच अडकतं. आधी कागदपत्रं, कारण ती लहान असतात आणि पटकन निघतात, मग फोटो वर्षावर्षाच्या फोल्डरने, मग व्हिडिओ. पिक्चर आणि गाणी शेवटी, ती कुठूनही परत मिळतात. एखाद्या फाइलवर अडकलं तर स्किप करून पुढे जा, तिच्यासाठी हट्ट धरायचा नाही.

आणि या काही गोष्टी हमखास राहून जातात: डेस्कटॉपवर पडलेल्या फाइल, डाउनलोड्सचं फोल्डर, ब्राउझरचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, आउटलुक वापरत असाल तर त्याची मेलची फाइल, हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा (तो बहुतेक त्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये असतो, डॉक्युमेंट्समध्ये नाही), टायपिंगसाठी टाकलेले जुने मराठी फॉन्ट, आणि विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या की. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं काम असेल तर फॉन्ट नक्की घ्या, नाहीतर फाइल वाचली तरी मजकूर वाचता येणार नाही.

विंडोज उघडतच नाही पण बायोसमध्ये डिस्क दिसते, अशा वेळी लिनक्सचा पेन ड्राइव्ह. त्यातून चालू केलं की फाइल मॅनेजरमध्ये तुमची जुनी डिस्क दिसते, आत युझर्स फोल्डर, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, तिथून बाहेरच्या डिस्कवर कॉपी. ती फक्त वाचण्यापुरतीच उघडली आणि लिहायला परवानगी नाही असं सांगितलं तर घाबरू नका, विंडोज नीट बंद झालेलं नसलं की असं होतं आणि आपल्याला वाचायचंच तर आहे. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क बाहेर काढून यूएसबी टू साटा केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची, अडीच इंची डिस्कला वेगळा पॉवर सप्लाय लागत नाही, यूएसबीवर चालते. तिथे विंडोजने "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल" असं विचारलं तर कॅन्सल. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा कॅन्सल.

डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डेटा कुलूपबंद करायच्या सोयीने, लॉक असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉपला लॉगइन होता तिथे ती बहुतेक सेव्ह असते, मोबाइलवरून लॉगइन करून आधीच शोधून ठेवा. आपण कधी बिटलॉकर लावलंच नाही असं वाटत असेल तरी बघा, काही लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं.

फाइल फाइल करून निघत नसेल, मध्येच डिस्क गायब होत असेल तर डीडीरेस्क्यू वापरा. हे लिनक्सवरचं फुकट टूल आहे आणि माझ्या मते अशा कामाला याच्याइतकं समजूतदार दुसरं काही नाही. ते अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढतं, पण पहिल्या फेरीत जिथे अडतं तो भाग सोडून पुढे पळतं, म्हणजे सहज निघणारा डेटा आधी हाती येतो, आणि नंतरच्या फेऱ्यांमध्ये राहिलेल्या तुकड्यांकडे वळतं. मॅप फाइल नावाची नोंद ठेवायला सांगितलं असेल तर मध्येच लाइट गेली, डिस्क तापली, बंद करावी लागली तरी जिथून सोडलं तिथून पुढे चालू होतं. नक्कल ठेवायला जुन्या डिस्कपेक्षा मोठी जागा लागते, वापरलेल्या डेटाएवढी नाही, पूर्ण डिस्कएवढी. आणि कमांड देताना कुठून कुठे हे तीनदा वाचा, साइज आणि मॉडेल नंबर जुळवून बघा, कारण उलट दिलं तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर जाऊन बसेल. काम चालू असताना डिस्क टेबलावर सपाट ठेवा, समोर छोटा पंखा लावा आणि ती हलवू नका.

टकटक करणारी किंवा अजिबात न फिरणारी डिस्क आणि त्यात खरोखर महत्त्वाचा डेटा असेल तर घरी काहीच करू नका, डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच द्या. फ्रीजरमध्ये ठेवून चालते वगैरे ऐकलं असेल, करू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि प्लेटवर, म्हणजे डेटा असलेल्या फिरत्या चकतीवर पाणी म्हणजे खेळ खल्लास. डिस्कचं झाकण उघडूनही बघू नका. चालू डिस्कमध्ये हेड प्लेटच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतो, त्या फटीपुढे साधा धुळीचा कणसुद्धा डोंगराएवढा असतो.

नवीन काय घ्यायचं

आधी आपल्या लॅपटॉपमध्ये काय बसतं ते नक्की करा. २००५-०६ च्या आधीचं मशीन असेल तर आयडीई डिस्क असण्याची शक्यता आहे, तिच्या टोकाला बारीक पिनांच्या दोन रांगा असतात. त्यानंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा, तिच्या टोकाला पिना नसतात, दोन चपट्या पट्ट्या असतात, एक लहान डेटाची आणि एक मोठी पॉवरची. काही पातळ लॅपटॉपमध्ये पट्टीसारख्या छोट्या डिस्कसाठी एम डॉट टू स्लॉट असतो आणि तिथे साटा आणि एनव्हीएमई असे दोन वेगळे प्रकार आहेत, दिसायला जवळपास सारखे पण एकाच्या जागी दुसरा चालेलच असं नाही, त्यामुळे मॉडेल नंबर टाकून बघूनच घ्या. अगदी स्वस्तातल्या छोट्या लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची साठवणीची चिप (ईएमएमसी) बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती अशी बदलता येत नाही.

जाडी पण बघा. जुन्या डिस्क बहुतेक ९.५ मिलिमीटरच्या, आताच्या एसएसडी (म्हणजे फिरती चकती नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क) ७ मिलिमीटरच्या. पातळ डिस्क जाड जागेत बसते, उलटं होत नाही. फक्त मग ती सैल राहते, त्यासाठी अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट मिळते, बऱ्याच एसएसडीसोबत खोक्यातच येते.

आता एसएसडी की परत हार्ड डिस्क. माझं मत स्पष्ट आहे, विंडोज ज्यावर असणार ती एसएसडीच घ्या. लॅपटॉपची साधी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद, त्यात हेड योग्य ठिकाणी सरकायला लागणारा वेळ मिळवला तर इकडेतिकडे विखुरलेले बारीक तुकडे ती सेकंदाला शंभरसुद्धा धड वाचू शकत नाही. एसएसडी असे हजारो तुकडे वाचते. विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइलच वाचायच्या असतात, त्यामुळे तोच जुना प्रोसेसर, तीच रॅम आणि तरी लॅपटॉप नवा असल्यासारखा वागायला लागतो. तुमचं मशीन साटाच्या जुन्या पिढीचं, साटा टू चं असलं, म्हणजे वेग निम्म्यावर अडणार असला तरी काळजी नको. तो निम्मा वेगसुद्धा सेकंदाला अडीचशे एमबीच्या आसपास जातो आणि रोजच्या वापरात फरक पडतो तो बारीक तुकड्यांच्या वाचनाने. म्हणूनच जुन्या लॅपटॉपसाठी सगळ्यात महागडी, सगळ्यात फास्ट एसएसडी घेण्यात अर्थ नाही. नावाजलेल्या कंपनीची, टीएलसी प्रकारच्या चिपची, तीन वर्षं किंवा जास्त वॉरंटीची साधी साटा एसएसडी भरपूर झाली.

साइज २४० किंवा २५६ जीबीच्या खाली जाऊ नका. १२० मध्ये विंडोज, अपडेट आणि चार सॉफ्टवेअर झाली की जागा संपते, आणि गच्च भरलेली एसएसडी मंद होते. फोटो-व्हिडिओ जास्त असतील तर ५०० च घ्या. अनोळखी ब्रँडची दोन टीबी एसएसडी अगदी मातीमोलाने दिसली तर ती बनावट असण्याची दाट शक्यता असते, आत लहानशी चिप आणि साइज खोटी दाखवणारं फर्मवेअर. संशय आला तर डेटा टाकण्याआधी एच टू टेस्ट डब्ल्यू चालवा, ते डिस्क काठोकाठ भरून परत वाचून बघतं.

डीव्हीडी ड्राइव्ह असेल आणि वापरत नसाल तर त्याच्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, बसवून दुसरी डिस्क लावता येते, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीच्या कॅडी मिळतात, मोजून घ्या. विंडोज मुख्य जागेतल्या एसएसडीवर आणि साठवणीची मोठी हार्ड डिस्क कॅडीत, ही मांडणी चांगली चालते.

खोलणं

मॉडेल नंबर टाकून सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. डेल, एचपी, लेनोवो यांची मॅन्युअल फुकट मिळतात आणि कुठला स्क्रू कुठे ते चित्रासकट असतं. साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लागेल, पीएच झिरो आणि पीएच वन, दोन्ही ठेवा. स्क्रूच्या खाचेत टोक घट्ट बसलं पाहिजे, सैल टोकाने फिरवलं की खाच झिजते आणि मग तो स्क्रू काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. कव्हर उचकायला गिटारचं पिक किंवा जुनं प्लास्टिक कार्ड, लोखंडी सुरी वगैरे नको.

चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर काढा, मग पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट जाईल. गालिच्यावर बसून करू नका, अंगात स्टॅटिक साचतं, काम सुरू करण्याआधी रंग न लावलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा. एका कागदावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चित्रावर चिकटपट्टीने चिकटवा. यात आळस करू नका. स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीला वेगळे असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरून पामरेस्टला फुगवटा येतो नाहीतर खालच्या बोर्डाला भोक पडतं.

नशीब चांगलं असेल तर मागे डिस्कसाठी वेगळं छोटं झाकण असतं, दोन स्क्रू काढले की समोर डिस्क. दुसऱ्या प्रकारात अख्खं खालचं कव्हर निघतं. तिसऱ्या प्रकारात कीबोर्ड आणि वरचा भाग काढावा लागतो, त्याला वेळ द्या. सगळे स्क्रू काढूनही कव्हर हलत नसेल तर एखादा लपलाय. रबरी पायांच्या खाली बघा, स्टिकरवर बोट फिरवा, खाली खळगा लागला तर तिथे स्क्रू आहे. डीव्हीडी ड्राइव्ह धरून ठेवणारा एक स्क्रू काढून तो बाहेर ओढला की त्या फटीच्या आतल्या काठालाही दोन-तीन बारीक स्क्रू सापडतात. स्क्रू उरलेला नाही अशी खात्री झाल्यावर कोपऱ्यातून पिक सरकवत न्या, खटक खटक करत एकेक क्लिप सुटते, तो आवाज ऐकून धसकू नका. जिथे जोर लावावा लागतोय तिथे थांबा आणि परत बघा.

कीबोर्ड उचलायचा असेल तर तो झटकन वर ओढू नका, खाली फ्लॅट केबल बोर्डाला जोडलेली असते. तिच्या सॉकेटवर एक बारीक पट्टी असते, काळी, पांढरी नाहीतर तपकिरी. काहींमध्ये ती नखाने वर उचलली की दारासारखी उघडते, काहींमध्ये दोन्ही टोकांना धरून केसभर बाहेर सरकवायची असते. लॉक सुटलं की केबल अलगद निघते, ओढावी लागली तर लॉक सुटलेलं नाही. बॅटरी आत असेल तर कव्हर निघाल्यावर पहिलं काम तिचा कनेक्टर बोर्डावरून काढणं, वायरला न धरता प्लगला धरून.

डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत किंवा रबराच्या कडांमध्ये असते. चौकटीचे स्क्रू काढा आणि डिस्क आधी आडवी, कनेक्टरपासून लांब सरकवा, मग वर उचला. सरळ वर उपटली तर कनेक्टर मोडतो. बऱ्याच ठिकाणी ओढायला प्लास्टिकची छोटी जीभ दिलेली असते. केबलने जोडलेली असेल तर केबलचं टोक दोन्ही बाजूंना थोडं थोडं हलवत काढा.

आता इथे नीट बघा. जुन्या डिस्कच्या टोकाला कंपनीचा एक छोटा जोडकनेक्टर लावलेला असू शकतो, इतका चपखल बसलेला की डिस्कचाच भाग वाटतो. नवीन एसएसडीचं टोक शेजारी धरा, दोन्ही सारखी दिसत नसतील तर जुन्याचा तो तुकडा काढून नवीनवर लावायचाय. तो जुन्या डिस्कबरोबर टाकून दिला तर नवीन डिस्क बसणारच नाही. मग चौकट नवीनवर चढवा, जुनेच स्क्रू वापरा, आखूड असतात ते, आणि हाताने जेवढे बसतील तेवढेच पिळा. बसवताना डिस्क सपाट ठेवून कनेक्टरकडे सरकवा, शेवटी जरा विरोध लागून ती पक्की बसते.

सगळं बंद करायच्या आधी आत साचलेली धूळ मऊ ब्रशने काढा, हवा मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. गोल सेल हाताशी असेल आणि तारीख जात असेल तर तोही आत्ताच बदला, पुन्हा कोण खोलणार. कव्हर नुसतं टेकवून बॅटरी लावा, चालू करून बायोसमध्ये नवीन डिस्क दिसते का बघा. दिसली की बंद करून बॅटरी परत काढा आणि मगच सगळे स्क्रू लावा.

विंडोज की लिनक्स

जुनी डिस्क अजून बऱ्यापैकी वाचता येत असेल तर क्लोनझिलासारख्या सॉफ्टवेअरने ती जशीच्या तशी नवीनवर उतरवता येते, पण बॅड सेक्टर असलेल्या डिस्कचं क्लोन करण्याच्या मी विरोधात आहे, अर्धवट बिघडलेल्या सिस्टिम फाइलही बरोबर येतात आणि पुढे विचित्र एरर येत राहतात. डेटा हातात आहे ना, मग कोरं विंडोज टाका.

टाकण्याआधी बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय करा. रेड किंवा इंटेल आरएसटी असेल तर काही लॅपटॉपमध्ये विंडोजच्या सेटअपला डिस्कच दिसत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सेटअप बनवा, त्या पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात असू द्या. कॅडीत दुसरी डिस्क असेल तर विंडोज टाकेपर्यंत ती काढून ठेवा, नाहीतर बूटच्या फाइल तिच्यावर जाऊन बसतात आणि नंतर ती काढली की लॅपटॉप चालू होत नाही. सेटअपमध्ये कस्टम निवडून रिकाम्या जागेवर नेक्स्ट, पार्टिशन ते स्वतः करतं. प्रॉडक्ट की विचारली तर माझ्याकडे नाही म्हणा, आधी याच मशीनवर तेच एडिशन ॲक्टिव्हेट होतं तर नेट लावल्यावर आपोआप होतं, कारण लायसन मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. वायफायचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर ठेवा, किंवा मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा.

कुठलं विंडोज हा प्रश्न जरा अडचणीचा आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, जुन्या लॅपटॉपमध्ये हे सगळं बहुतेक नसतं. अटी चुकवून ११ टाकता येतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि बँकेचे व्यवहार ज्यावर करायचे त्या मशीनवर मी ते करणार नाही. ब्राउझर, मेल, डॉक्युमेंट, व्हिडिओ एवढाच वापर असेल तर लिनक्स मिंटचं एक्सएफसीई एडिशन टाका, ४ जीबी रॅमवर आरामात चालतं आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी टायपिंगसाठी त्यात इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीच असतो. फक्त विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर अडत असेल तर निर्णय घेण्याआधी ते तपासा.

एसएसडीवर डीफ्रॅग करायची गरज नाही. विंडोजमधलं ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्स जे आठवड्याला चालतं ते एसएसडीला ओळखून ट्रिम, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली हे सांगणारा निरोप, पाठवतं, ते चालू राहू द्या. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा. आणि आत्ताच वाचवलेला डेटा नव्या डिस्कवर टाकलात म्हणून बाहेरची कॉपी पुसू नका, एसएसडी जाते तेव्हा टकटक करत नाही, कुठलीही पूर्वसूचना न देता एकदम जाऊ शकते.

जुनी डिस्क

महिनाभर ती तशीच ठेवा, काहीतरी राहिलंय हे हमखास नंतर आठवतं. केबलने लावून तिच्यातलं युझर्स फोल्डर उघडताना परवानगी नाही असं आलं तर कंटिन्यू दाबा, मोठं फोल्डर असेल तर जरा वेळ लागतो.

सगळं मिळाल्याची खात्री झाली की ती कुणाला देण्याआधी किंवा ई-कचऱ्यात टाकण्याआधी पुसायला हवी. डिस्क चालत असेल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्याने फक्त यादी पुसली जाते, पूर्ण डिस्कवर शून्यं लिहा. विंडोजमध्ये क्विकची खूण काढून केलेला फॉरमॅट हे काम करतो, सगळ्या पार्टिशनवर एकेक करून. चालतच नसेल तर पुसता येणार नाही, मग फोडायची. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या प्लेट बहुतेक काचेच्या असतात, त्यामुळे जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून हातोडा मारा, आत काच खुळखुळली की झालं. कापड उघडायचं नाही, तसंच टेपने बांधून ई-कचऱ्यात द्या.